भिंतीवरची नावे

इंग्लंडातल्या कोणत्याही खेड्यात उतरा, तीन ठिकाणांचा पत्ता विचारावा लागत नाही. एक चर्च, दुसरा पब आणि तिसरे युद्धस्मारक. पहिल्या दोहोंविषयी आपल्याकडच्या प्रवाशांनी पुष्कळ लिहिले आहे. दुसऱ्याविषयी तर अंमळ अधिकच जिव्हाळ्याने! तिसऱ्याकडे मात्र फारसे कोणी थांबत नाही. एक खांब, खाली दहा-वीस नावे, दोन सालांच्या मधली आडवी रेघ. यात पाहायचे ते काय, असे म्हणून आपण पुढच्या बसची वेळ बघतो.

पण अशी स्मारके ब्रिटनमध्ये एक लाखाहून अधिक आहेत. त्यांत चर्चच्या भिंतीवरच्या पितळी पट्ट्या आहेत, रंगीत काचांच्या खिडक्या आहेत, चौकातले क्रूस आहेत. इतका दगड आणि इतके पितळ एखादा समाज उगीच खर्च करीत नाही. त्याच्या मनात काहीतरी खोलवर रुतलेले असले पाहिजे. ते काय असेल, हे समजावे म्हणून मी एकच खेडे निवडले आणि तिथे अर्धा दिवस काढला. खेड्याचे नाव मेल्स.

मेल्स हे सॉमरसेट परगण्यात, फ्रोम या छोट्या शहरापासून तीनेक मैलांवर, मेंडिप टेकड्यांच्या कुशीत आहे. माझा भाचा ब्रिस्टलला नोकरीस असतो. त्याच्या गाडीतून आम्ही निघालो. दोन्ही बाजूंनी झुडपांच्या भिंती असलेले रस्ते इतके अरुंद, की समोरून ट्रॅक्टर आला की आपण निमूटपणे मागे जायचे. वस्ती सहाशेच्या आसपास. दगडी घरे, एक छोटा ओढा, आणि चर्चकडे नेणारी एक सरळ गल्ली. हिला 'न्यू स्ट्रीट' म्हणजे नवी गल्ली म्हणतात. ती नवी केव्हा होती म्हणाल, तर पंधराव्या शतकात! आपल्याकडेही तीनशे वर्षांच्या पेठेला नवी पेठ म्हणतातच; तेव्हा हसायचे कारण नाही.

गल्लीच्या टोकाला सेंट अँड्र्यूचे चर्च, शंभर फुटांहून उंच मनोऱ्याचे. त्याला खेटून हॉर्नर घराण्याचा वाडा. आपल्या मुलांना बालवाडीत शिकवतात त्या इंग्रजी बडबडगीतातला, कोपऱ्यात बसून वड्यातला मनुका काढणारा जॅक हॉर्नर याच घराण्याचा पूर्वज, अशी दंतकथा आहे. ग्लॅस्टनबरीच्या मठाची इस्टेट राजा आठवा हेन्री याने जप्त केली, त्या धामधुमीत मठाच्या कारभाऱ्याने पक्वान्नात लपवलेली खरेदीखते हळूच काढून घेतली, तोच तो 'मनुका', असे लोक म्हणतात. आम्ही रोख पैसे मोजून जमीन घेतली, असे घराणे म्हणते. इनामदारांच्या बाबतीत लोक काय म्हणतात आणि इनामदार काय म्हणतात, यात सर्व देशांत एवढेच अंतर असते.

चर्चचे जड दार ढकलून आत गेलो. आत गारवा, फुलांचा वास, आणि त्या अंधुक उजेडात एक घोडेस्वार!

होय, चर्चच्या आत चक्क घोड्यावर बसलेला माणूस. पांढऱ्या दगडी चौथऱ्यावर काशाचा घोडा आणि त्यावर उघड्या डोक्याचा एक तरुण. हा एडवर्ड हॉर्नर, घराण्याचा वारस. घोड्यांच्या चित्रांसाठी विख्यात असलेला आल्फ्रेड मनिंग्ज याने पुतळा घडवला. घोडा इतका जिवंत आहे, की आता कान हलवील असे वाटते. पण स्वाराच्या चेहऱ्यावर वीरश्री नाही. कुठे दूर निघालेल्या माणसाचा असावा तसा तो शांत चेहरा आहे.

एडवर्ड १९१५ मध्ये जबर जखमी झाला होता. घरी बसायला तेवढे कारण पुरेसे होते. तो परत गेला. २१ नोव्हेंबर १९१७ रोजी फ्रान्समध्ये कांब्रेच्या लढाईत तो पडला. वय वर्षे एकोणतीस. त्याचा एकुलता एक भाऊ शाळकरी वयातच, १९०८ साली, तापाने गेला होता. म्हणजे मागे मुलगा राहिला नाही. वाडा राहिला.

चौथऱ्याच्या मागच्या बाजूला गेले, की एक साधा लाकडी क्रूस दिसतो. पुरलेल्या प्रेतावर रोवलेला हा पहिला क्रूस. पुढे सरकारने दगडी शिळा बसवल्या, तेव्हा हे लाकडी क्रूस हवे असल्यास घरच्यांनी न्यावेत, अशी मुभा होती. मनिंग्जचा घोडा मी पाच मिनिटे पाहिला असेल. या चार हात लाकडापुढे मात्र बराच वेळ उभा राहिलो. घोडा आईबापांनी करून घेतला होता. हे लाकूड मात्र मुलाजवळून आले होते.

मनोऱ्याखालच्या भिंतीवर लॅटिन अक्षरे कोरली आहेत. एरिक गिल या थोर अक्षरकाराचे हे काम. ही आठवण रेमंड अ‍ॅस्क्विथची. हा एडवर्डचा मेहुणा, त्याच्या बहिणीचा, कॅथरिनचा, नवरा. त्याहून मोठी ओळख अशी, की युद्ध पुकारले तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान असलेल्या अ‍ॅस्क्विथ यांचा हा थोरला मुलगा. ऑक्सफर्डमध्ये गाजलेला, बॅरिस्टर, बुद्धीने अतिशय तल्लख. मुख्यालयातले सुरक्षित काम सोडून तो आघाडीवर परत गेला. १५ सप्टेंबर १९१६ रोजी, सोमच्या लढाईत, छातीत गोळी लागली. आपली जखम किती खोल आहे हे शिपायांना कळू नये म्हणून त्याने पडल्यापडल्या सिगारेट पेटवली, असे सांगतात. जगाच्या इतिहासात रणगाडे पहिल्यांदा वापरले गेले, तो हाच दिवस.

कॅथरिनचा नवरा १९१६ मध्ये गेला, भाऊ १९१७ मध्ये. धाकटा मुलगा तेव्हा मांडीवरचा होता. ती १९७६ पर्यंत जगली. साठ वर्षे! या दाराने आत येताना तिने कोणत्या बाजूला पाहिले असेल?

एक बाई वेदीजवळ फुले रचीत होत्या. सत्तरी उलटलेली, हातात कात्री. आम्ही बराच वेळ रेंगाळलो हे पाहून त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही कोणाला शोधता आहात का? येणारी माणसं बहुधा एखादं नाव घेऊन येतात."

भाच्याने माझ्याकडे पाहिले. "नाही," मी म्हणालो, "आमचं इथं कोणी नाही."

"मग सगळ्यांनाच बघा," त्या म्हणाल्या आणि पुन्हा फुलांकडे वळल्या.

हे सारे इथे चर्चमध्ये का, असा प्रश्न पडतो. रेमंड आणि एडवर्ड दोघेही फ्रान्सच्या मातीत आहेत. त्याला कारण असे, की या युद्धात ब्रिटनने प्रेते घरी न आणण्याचे ठरवले. १९१५ च्या वसंतापर्यंत वजनदार घराण्यांनी आपले मृत परत आणवले होते. माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या नातवाचे प्रेत त्या एप्रिलमध्ये आणून घरच्या चर्चजवळ पुरले. मग दार बंद झाले. श्रीमंताचा मुलगा घरी येणार आणि गवळ्याचा मुलगा चिखलात राहणार, हे चालणार नाही, असा विचार पुढे आला. १९१७ मध्ये नेमलेल्या युद्धसमाधी आयोगाने तोच धरून ठेवला. सर्वांना एकाच मापाची शिळा. लॉर्ड असो की मोतद्दार, उंची तीच. पुष्कळ आईबापांना हे फार कठोर वाटले. ४ मे १९२० रोजी पार्लमेंटात यावर वाद झाला. आयोगाचे म्हणणे टिकले.

प्रेत नाही, तर मग गावाने काय करायचे? गावाने नाव घेतले. ज्या चर्चमध्ये मुलाचा बाप्तिस्मा झाला, नाव ठेवले गेले, त्याच चर्चच्या भिंतीवर ते कोरले. ज्यांना ऐपत होती त्यांनी काशाचा घोडा केला, ज्यांना नव्हती त्यांनी वर्गणी काढून पितळी पट्टी केली. परदेशी स्मशानातली समता घरच्या देवळात पाळणे कोणाला बंधनकारक नव्हते. मेल्सचा घोडा हा त्याचा पुरावा आहे.

पण मेल्सचे सगळेच काही घोड्यावर बसलेले नव्हते. चर्चमधून बाहेर पडून गावाच्या रस्त्याने थोडे चालले, की गावाचे स्मारक लागते. एक उंच खांब, वर अजगराला मारणारा सेंट जॉर्ज, मागे दगडी भिंत, तिच्यावर सदाहरित यू झाडांचे कुंपण, आणि पायथ्याशी गावच्या मृतांची नावे. २६ जून १९२१ रोजी रेमंडच्या भावानेच, ब्रिगेडियर-जनरल आर्थर अ‍ॅस्क्विथ यांनी, त्याचे अनावरण केले. जागा शोधण्यासाठी स्थापत्यकार गावकऱ्यांबरोबर गावभर हिंडला आणि या गावची सारी तरुण मुले मेली आहेत, असे खिन्नपणे म्हणाला.

याच्याच दोन-तीन मैलांवर चॅन्ट्री नावाचे दुसरे खेडे आहे. तिथे असे स्मारक नाही. कारण तिथून गेलेले सगळे परत आले! अशा गावांना आर्थर मी या लेखकाने १९३० च्या दशकात 'कृतज्ञ गावे' असे नाव दिले. साऱ्या इंग्लंड-वेल्समध्ये अशी गावे पन्नासाहून थोडी अधिक भरतात, बस. म्हणजे हजारो गावांत कोणी ना कोणी परत आले नाही हा नियम, आणि सगळे आले हा अपवाद. अपवादाला वेगळे नाव द्यावे लागले, यावरून नियमाची कल्पना यावी.

मेल्सच्या चर्चच्या अंगणात आणखी एक साधी शिळा आहे. सीगफ्रीड ससून या कवीची. शौर्यपदक मिळवलेल्या या अधिकाऱ्याने १९१७ मध्ये, युद्ध मुद्दाम लांबवले जात आहे असे जाहीर पत्रक काढले. ते पार्लमेंटात वाचले गेले. तो १९६७ मध्ये वारला आणि स्वतःच्या इच्छेनुसार इथे निजला. एकाच आवारात युद्धात मेलेला वारस आणि युद्धाविरुद्ध उभा राहिलेला सैनिक. 

दर वर्षी नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी गावोगावच्या स्मारकांपुढे लोक जमतात. छातीवर कागदी पॉपीचे लाल फूल. दोन मिनिटे स्तब्धता. ही प्रथा ११ नोव्हेंबर १९१९ पासूनची. आणि बहुतेक ठिकाणी एक माणूस नावे वाचतो, फक्त नावे. भाषण नाही, आवेश नाही. आडनाव, नाव. आडनाव, नाव.

आपल्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे भाद्रपद वद्य चतुर्दशी ही शस्त्राने मेलेल्यांच्या श्राद्धाची तिथी आहे. ज्यांची तिथी कळली नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावस्या आहे. तिथी हरवली तर शास्त्राने सोय केली. पण नाव-गोत्र उच्चारल्याशिवाय तिळाचे पाणी पोचत नाही. ज्याचे नावच हरवले, त्याला हाक कोण आणि कशी मारणार?

हा प्रश्न मेल्समध्येच माझ्या मनात आला, आणि त्याला निमित्त झाले त्या खांबाच्या स्थापत्यकाराचे. हा एडविन लट्येन्स. होय, नवी दिल्लीचा लट्येन्स! मेल्सचा खांब, एडवर्डच्या घोड्याखालचा चौथरा, दोन्ही त्याचेच. मेल्सच्या स्मारकाचे अनावरण जून १९२१ मध्ये; त्याच साली १० फेब्रुवारीला दिल्लीत त्याच्याच 'इंडिया गेट'ची कोनशिला बसली होती. एका खेड्यासाठी एक खांब, आणि परमुलखात मेलेल्या सत्तर हजारांहून अधिक हिंदी सैनिकांसाठी एक कमान. कमानीवर तेरा हजारांहून अधिक नावे आहेत. बाकीच्यांची?

भाच्याला पुढच्या शनिवारी मी ब्रायटनला ओढत नेले. तिथल्या टेकडीवर पांढऱ्या संगमरवराची छत्री आहे. आपल्या वानवडीला शिंद्यांची छत्री आहे, त्याच अर्थाने. इंग्रजांनी शब्दही तोच ठेवला आहे. फ्रान्समध्ये जखमी होऊन ब्रायटनच्या इस्पितळात मेलेल्या ५३ हिंदू व शीख सैनिकांना तिथे अग्नी दिला. १ फेब्रुवारी १९२१ रोजी युवराजाने छत्रीचे अनावरण केले. पुन्हा तेच साल! शब्द इंग्रजीत, हिंदीत, पंजाबीत, उर्दूत. नाव मात्र एकही नव्हते. ती ५३ नावे शेजारी वेगळ्या शिळेवर कोरली गेली २०१० साली. एकोणनव्वद वर्षांनी.

आणि आपली, म्हणजे मराठी मुलुखातली माणसे? त्यांचा फ्रान्सपेक्षा इराकशी अधिक संबंध आला. पुणे डिव्हिजन, म्हणजे सहावी डिव्हिजन, बसऱ्याहून वर चढत गेली आणि कुतला वेढ्यात सापडली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. आत १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. अन्न संपले, तेव्हा घोडे मारून खाण्याची वेळ आली. धर्मामुळे हिंदी शिपायांतल्या पुष्कळांनी ते मांस कितीतरी दिवस नाकारले. शेवटी शरणागती, आणि मग वाळवंटातली ती कैद्यांची पायपीट. आपल्या खेड्यांत म्हातारी माणसे "बसऱ्याला गेला" म्हणत, त्या शब्दांत परत न येण्याचा अर्थ आपोआप आलेला असे.

बसऱ्याला १९२९ मध्ये मोठे स्मारक झाले. त्यावर इंग्रज शिपायाचे नाव आहे, हिंदी अधिकाऱ्याचे नाव आहे. साध्या हिंदी शिपायाचा फक्त आकडा आहे: अमुक पलटण, इतके इतर. १९९७ मध्ये तिथल्या सरकारने ते स्मारकही उचलून शहरापासून बत्तीस किलोमीटर दूर नेऊन ठेवले. २०२१ साली याच समाधी आयोगाने नेमलेल्या समितीने हा सारा पंक्तिप्रपंच कबूल केला: मुख्यतः पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन असे निदान एक लाख सोळा हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृत नावानिशी नोंदलेच गेले नाहीत. त्याबद्दल ब्रिटिश सरकारने पार्लमेंटात क्षमा मागितली. फ्रान्समध्ये समतेसाठी लॉर्डांच्या मुलांची प्रेते अडवून धरणारा आयोग तो हाच!

आपल्या गावांतही तेव्हा शिळा बसवल्या गेल्या. चावडीच्या भिंतीत, वेशीजवळ, शाळेच्या ओट्यावर. त्यांवर एवढेच: या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. त्या युद्धात त्या एका गावचे ४६ जण मेले, असे सांगतात. सेहेचाळीस!

मात्र हा दोष एकट्या इंग्रजांच्या पदरात टाकून मोकळे होता येत नाही. आपल्या देवळांभोवती वीरगळ असतात. खालच्या चौकटीत लढाई, मध्ये अप्सरा वीराला वर नेताहेत, वर शिवपूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. चंद्रसूर्य असेतो कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. कीर्ती राहिली, कुणाची ते राहिले नाही. बहुतेकांवर एक अक्षर नाही. गाव त्यांना शेंदूर फासते, नारळ फोडते, पण नाव विचाराल तर पुजारी आपल्याच तोंडाकडे बघतो. मृताला देव करणे आपल्याला सोपे जाते. त्याला माणूस म्हणून ध्यानात ठेवणे अवघड जाते.

काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजातला एक विद्यार्थी वर्ग सुटल्यावर थांबला. सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला. पिशवीतून त्याने एक जड, वाटोळी, पितळेसारखी थाळी काढली. घरात ती दर खंडेनवमीला शस्त्रांबरोबर पूजेत मांडत. कशाची ते कोणी विचारले नव्हते. "सर, यावर काय लिहिलंय?" त्यावर सिंह होता, हातात त्रिशूळ घेतलेली बाई होती. ही त्या युद्धात मेलेल्या सैनिकाच्या घरी पाठवलेली स्मरणथाळी. इंग्लंडातल्या घराघरांत गेली, आपल्याकडेही आली. तिची एक रीत मोठी चांगली होती: तिच्यावर हुद्दा घालीत नसत. जनरल असो वा शिपाई, फक्त नाव. आणि नाव छापून नव्हे, ओतून उठवलेले.

पिढ्यान्‌पिढ्या चिंच आणि राख लावून घासल्यामुळे उठावाची अक्षरे झिजली होती. इंग्रज कारकुनाने मराठी नावाचे स्पेलिंगही यथेच्छ केलेले. आम्ही दोघांनी थाळी खिडकीशी नेली, तिरपी धरली, आणि एकेक अक्षर लावले. पहिल्यांदा वाचले तेव्हा अर्थ लागला नाही. दुसऱ्यांदा मी मोठ्याने, आपल्या वळणाने म्हटले. पोरगा एकदम म्हणाला, "हे नाव आमच्यात दर पिढीला एकाला ठेवतात. का ठेवतात ते माहीत नव्हतं."

बसऱ्याच्या भिंतीवर ज्याचा आकडा होता, त्याच्या घरच्यांनी त्याला विसरू दिले नव्हते. विसरले होते ते फक्त कारण.

या दिवाळीत पुष्कळजण गावी जातील. माळ्यावरच्या पेट्या उघडल्या जातील, भांडी घासायला निघतील. एखादे जुने पदक हाती आले, तर त्याची कड उजेडात धरून पाहा. त्या युद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असे. चावडीतल्या शिळेवरची माती पुसा आणि आकडा वाचा. मग गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा, आणि त्या आकड्यातली नावे विचारा. जितकी मिळतील तितकी लिहून घ्या. शिळा मागाहून बसवता येईल.